तिसरीचा आवाजाचा धडा

नायना,

घरी आपण तेलुगूच बोलायचो, वडिलांना बाबा न म्हणता नायनाच म्हणायचो, पण लिहायला मला मराठीच येतं, तेव्हा चालवून घ्या. या सत्रात तिसरीच्या मुलांना मी आवाजाचा धडा शिकवते आहे. कुकरची शिट्टी, एसटीचा हॉर्न, बांगड्यांची किणकिण. गोड कोणता, कर्कश कोणता, ते वहीत दोन रकान्यांत लिहायचं. सोपा धडा, एरवी मी दोन तासांत उरकला असता. घरातले आवाज ऐकून या, असा गृहपाठ दिला होता. एका मुलीनं कर्कशच्या रकान्यात काहीतरी लिहून खोडलं होतं. विचारलं तर म्हणाली, "आजोबा लई मोठ्यानं बोलतात, बाई. पण ते रागावलेले नसतात. कारखान्यात कान गेलेत की त्यांचे. त्यांना कुठं लिहू?" उद्या सांगते, असं मी म्हणाले आणि फळा पुसत बसले.

तुमचा टॉवेलचा कारखाना आठवतो मला. शाळा सुटली की मी डबा घेऊन यायची. माग चालू असले की शेजारच्या माणसाचंही ऐकू यायचं नाही, म्हणून तुम्ही सगळे ओठ हलवून, हातवारे करून बोलायचा. धागा तुटला, पाणी आण, पोरगी आली बघ, सगळं हातांनीच. ती भाषा तुम्ही मला शिकवलीत आणि मी बाराखडीपेक्षा लवकर शिकले. बाहेर आलात की मात्र तुमचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.

चौथीत निकालाच्या दिवशी तुम्ही पाळी संपवून थेट शाळेत आलात. केसांत कापूस, चेहऱ्यावर कौतुक. "पोरगी शिकते का नीट?" एवढंच विचारलंत, पण सगळा व्हरांडा दणाणला. आमच्या बाई दोन पावलं मागे सरकल्या आणि भांडायला आलात का, म्हणाल्या. मुली हसल्या. तुम्हाला त्यातलं काहीच ऐकू गेलं नाही, तुम्हीही त्यांच्याबरोबर हसलात. ते हसणं मला सगळ्यात जास्त लागलं. शरमेनं मेले मी. पहिला नंबर आला होता, तेही सांगायचं सुचलं नाही.

परतताना मी पुढे पुढे चालत होते. कोपऱ्यावर थांबले, तुमच्याकडे वळले आणि कारखान्यातल्यासारखं हातांनी सांगितलं: शाळेत येऊ नका. लोकांत बोलू नका. तुम्हाला समजणार नाही अशी वेडी आशा होती की काय कोण जाणे. तुम्हाला लगेच समजलं. मान हलवलीत आणि माझं दप्तर घेऊन चालू लागलात.

त्यानंतर तुम्ही चारचौघांत तोंड उघडलंच नाही. माझ्या लग्नात व्याह्यांनी काही विचारलं तरी नुसते हसत होतात. माणूस मोठा मितभाषी आहे, असं सासरी सगळे कौतुकानं म्हणाले आणि मीही हो म्हणाले. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तर तुम्ही माझ्याशीही हातांनीच बोललात. पाणी हवंय, उशी सरकव, आता घरी जा. तेव्हा तरी, नायना बोला, असं मी म्हणायला हवं होतं. तसं मी म्हणाले नाही. फार वाईट वागले मी तुमच्याशी.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मी सांगितलं की आजोबांना दोन्ही रकान्यांच्या वर लिही, सगळ्यांत आधी. ती खूश झाली. वही मिटता मिटता तिनं विचारलं, "बाई, तुमच्या घरी कोण मोठ्यानं बोलायचं?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, तरीही तुम्हाला सांगते. मी म्हणाले, "कोणीच नाही."