टेबलाचे भाडे हरणाऱ्याकडे

३ फेब्रुवारी

ती. मामांना सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. लॅबमध्ये कवळ्यांची गर्दी होती. आमच्या बाई म्हणाल्या, शहरातली सगळी म्हातारी माणसे एकदम लग्नाला निघालेली दिसतात. मी सध्या मेणात दात बसवते. पुढचे दात जमले की माणूस हसतो, मागचे जमले की जेवतो. बाईंच्या मते दुसरे जास्त महत्त्वाचे. त्या मला कायम करायला तयार आहेत. हो की नाही ते मार्चअखेर सांगायचे. हो म्हटले तर एप्रिल आणि मे त्यांच्या दुसऱ्या लॅबमध्ये, परगावी, पुढचे काम शिकायला जावे लागेल.

आता तुम्हाला आवडणार नाही ते. संध्याकाळी मी पूल खेळायला जाते, काठीने गोळे टेबलाच्या खिशांत घालायचा तो खेळ. सायकलच्या दुकानावर हॉल आहे. टेबलांचे हिरवे कापड कोपऱ्यांत झिजले आहे, पण टेबले सपाट आहेत. एप्रिलमध्ये शहराचा संघ निवडणार आहेत, चौघांचा. मला त्यात यायचे आहे. मामा, आजवर मला कशातच इतके यायचे नव्हते.

आधी मी माझ्यासारख्यांशीच खेळत होते. जिंकत होते आणि होते तिथेच होते. मग ज्यांच्यापुढे हरणार हे ठरलेले आहे त्यांनाच विचारायला लागले. पण वरचढ माणूस आपल्याशी उगाच खेळत नाही. खेळला तरी गप्पा मारत, अर्धे लक्ष रस्त्याकडे ठेवून खेळतो. म्हणून पैज. हरणाऱ्याने टेबलाचे भाडे द्यायचे आणि दोघांचा चहा. एवढ्याशासाठीसुद्धा माणूस नीट खेळतो, हे मला इथे येऊन कळले. बसवाल्या बाई आहेत, बस चालवतात, गणवेशातच येतात. त्यांच्यापुढे माझे काही चालत नाही. परवा त्यांनी गोळा खिशात घालण्याचा प्रयत्नच केला नाही. पांढरा गोळा नुसता काळ्या गोळ्याच्या आड नेऊन ठेवला. मला मारायला जागाच उरली नाही. मी चुकले आणि त्यांनी उरलेले सगळे गोळे घालून टेबल साफ केले. चहा पिताना म्हणाल्या, आज तू मारायचे कसे ते नाही, थांबायचे कसे ते शिकलीस, आता बिस्किटेही सांग. सांगितली.

तुमचे मित्र चष्मेवाले काकाही तिथे येतात. दुकान बंद केले की सरळ हॉलवर. त्यांच्यापुढेही मी हरतेच. ते हरवतात पण हसत नाहीत, म्हणून बरे वाटते.

मामींना नमस्कार. काळजी करू नका असे लिहून उपयोग नाही, तरी रिवाज म्हणून लिहिते.

तुमची
भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक उ. आशीर्वाद.

पत्र पोचले. दातांचा मजकूर वाचून बरे वाटले. पुढचा मजकूर वाचल्यावर घास उतरला नाही.

लोक रोज फिरायला जातात तशी तू रोज हरतेस, आणि लिहितेसही तशीच. पैज लावून हरण्याला आमच्या काळी एक शब्द होता, तो मी लिहीत नाही. भाडे आणि चहा म्हणजे फार नाही, हे मला समजते. पण बोट दिले की मनगट जाते. आणि खरे सांगायचे तर पैशाचे तेवढे नाही. मान खाली घालून जिना उतरणारी तू डोळ्यांसमोर येतेस. दिवसभर मान मोडून दात बसवायचे आणि संध्याकाळी ज्यांना तुझ्याबद्दल काही वाटत नाही त्यांच्याकडून मार खायचा. कशासाठी?

बाईंना हो सांग. कायमची जागा वाटेत पडलेली नसते. संघाबिंघाचे नंतर पाहू.

तुझी मामी शेजारी बसून सगळे ऐकते आहे. म्हणते, पोरीला हरायला काही होत नाही, यांनाच होते. मी तुझ्याशी पत्तेही कधी धड खेळलो नाही, तू जिंकावीस म्हणून हुकुमाचा एक्का मांडीखाली दाबून बसायचो, असे तिचे म्हणणे. मी म्हटले, पोर लहान होती. ती म्हणाली, कॉलेजात होती.

नीट जेव. उलट टपाली दोन ओळी टाक, म्हणजे आम्हा दोघांपैकी एकाला तरी झोप लागेल. मामीला लागतेच.

तुझा
मामा

९ फेब्रुवारी

प्रिय चष्मेवाल्यास स. न. वि. वि.

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे आणि लिहितो ते कामासाठी. तू म्हणशील, निरीक्षकसाहेबांना गरज पडली की मित्र आठवतो. म्हण.

आमची भिंगरी तुमच्या हॉलवर येते आणि तू तिला हरवतोस असे तिच्या पत्रावरून कळले. तिची आई गेल्यापासून ती आमच्याकडे वाढली, हे तुला ठाऊक आहे. रडणारी पोर नाही. आतल्या आत कुढते. मला रात्रंदिवस तेच दिसते.

माझी एक विनंती आहे. तू तिच्याशी अधूनमधून हर. लगेच नको, तिला शंका येईल. हळूहळू. चार डाव जिंकली की तिचे मन भरेल आणि खूळ उतरेल. ती लॅबच्या बाईंना हो सांगेल आणि शिकायला जाईल. नाहीच उतरले तर निदान पोटभर जेवेल. भाड्या-चहाचा भार माझ्यावर.

हे तुझ्यामाझ्यात ठेव. माझ्या घरीही सांगितलेले नाही.

तुझा
(अजूनही) निरीक्षक

२४ फेब्रुवारी

प्रिय निरीक्षकसाहेब, स. न.

तुझे काम सुरू केले आहे. मला ते आवडलेले नाही, हे आधी लिहितो.

तुला वाटते हरणे सोपे. सरळ चुकावे तर ती लगेच ओळखेल. तिची नजर वाईट आहे, म्हणजे चांगली आहे. माझ्या दुकानात येणाऱ्यांना अशी नजर असती तर मी उपाशी मेलो असतो. म्हणून मी गोळा बरोबर घालतो, पण पांढरा पुढच्या फटक्याला थोडा अडचणीत येईल असा सोडतो. मग तो पुढचा फटका अवघड म्हणून चुकतो. ती मान हलवते, तिला वाटते काकांचे नशीब फिरले. तिचा डाव येतो. इतके डोके मी जिंकायलाही कधी लावले नव्हते.

ती जिंकली की नाचत नाही. काठीला लावायचा खडू जागेवर ठेवते आणि मला विचारते, काका, तुमचे कुठे चुकले. यावर मी काय सांगू ते तू मला कळव.

एक गोष्ट लक्षात घे. ती माझ्यावरून स्वतःला मोजते आहे. तू जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासलेस, कमी वजनाचे माप दिसले की जप्त केलेस. मापात पाप म्हणजे काय ते मी तुला शिकवायला नको. मार्चच्या मध्यापर्यंत करतो. पुढे नाही.

वहिनींना नमस्कार. त्यांना सांगितले नाहीस यावरूनच कळते की तुलाही ठाऊक आहे.

तुझा
चष्मेवाला

१६ मार्च

ती. मामांना सा. न. वि. वि.

तुम्हाला झोप लागावी म्हणून मुद्दाम लिहिते. मी जिंकते आहे.

आधी वाटले योगायोग. पण आता महिना होत आला. चष्मेवाल्या काकांशी तीन डाव झाले तर दोन माझे असतात. गेल्या वर्षीच्या संघात ते राखीव होते, हे तुम्हाला माहीत आहे का? मला हॉलवरच्या माणसाने सांगितले. म्हणजे मी त्या पातळीला आले. हिशेब सोपा आहे, तरी मी तो पुन्हा पुन्हा करून पाहते.

बसवाल्या बाई मात्र अजून हरवतात. त्याचे मला कोडे होते. काकांना हरवणारी मी त्यांच्यापुढे पहिल्यासारखीच का? मग वाटले, त्यांच्यापुढे जाताना मी आधीच हरून जाते. मनाचे असते ते. त्यांना मी हे सांगितले. त्या म्हणाल्या, मनाचे असेलही, पण तुझा डावा हात टेबलावर अजून हलतो. मला राग आला. चहा दिला आणि निघाले. आता थोडे दिवस त्यांच्याशी खेळत नाही, उगाच हिंमत जाते.

आता महत्त्वाचे. मी कायमच्या जागेला नाही म्हणणार आहे. एप्रिलमध्ये परगावी गेले तर निवड हुकते. नगावर काम देऊ असे बाई म्हणाल्या आहेत. तेवढ्यात भागेल. महिन्यापूर्वी मी हे धाडस केले नसते. पण आता माझ्याकडे पुरावा आहे. सोमवारी सांगते.

तुम्ही रागवाल. मामींना विचारा, त्या रागावणार नाहीत. आणि मामा, जेवण व्यवस्थित आहे.

तुमची
भिंगरी

२० मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, पण ते आहेतच.

बाईंना अजून सांगितले नसलेस तर सांगू नकोस. आधी हे वाच.

चष्मेवाला तुझ्याशी हरला नाही. मी त्याला हरायला लावले. फेब्रुवारीत पत्र घालून विनवले. तो नको म्हणत होता. त्याच्यावर राग धरू नकोस. मला वाटले, जिंकलीस की तुझे मन भरेल आणि तू जागा घेशील. तुझे मन भरले आणि तू जागा सोडायला निघालीस. तुझा पुरावा मी बनवलेला आहे.

मामीला आज सांगितले. ती उठली. चपला घालून बाहेर गेली, टपालाची पेटी किती वाजता उघडतात ते विचारून आली आणि समोर बसली. तिच्यासमोर लिहितो आहे.

मी तुला हरताना पाहू शकत नाही. हे कारण आहे, सबब नाही. दोन्हींत फरक असतो असे मी लोकांना सांगत आलो.

काहीही लिही, पण लिही.

मामा

२७ मार्च

निरीक्षकसाहेब,

तुझे पत्र तिला बुधवारी मिळाले. लॅबच्या बाईंना तिने सोमवारीच नाही सांगितले होते. बुधवारी ती पुन्हा विचारायला गेली, तोवर त्यांनी दुसऱ्या मुलीला शब्द दिला होता. हे मला हॉलवरून कळले, तिने सांगितले नाही.

संध्याकाळी ती आली. मी उठून उभा राहिलो, काय बोलायचे ते ठरवून ठेवले होते. तिने मला बोलू दिले नाही. गोळे मांडले आणि म्हणाली, काका, आज खरे. मी खरे खेळलो. साहेब, मी सगळे डाव जिंकलो. ती एकही सोपा फटका चुकली नाही. फक्त मी तिला सोपे फटके दिले नाहीत. भाडे तिने दिले, चहाही सांगितला, स्वतःचा प्यायली नाही.

ती रोज येते आहे. रोज तेच म्हणते, आज खरे. बसवाल्या बाईंकडेही गेली. आजवर ती त्यांना बाई म्हणायची, त्या दिवशी पहिल्यांदा काकू म्हणाली. डाव्या हाताचे काय ते दाखवा, म्हणाली.

तू विचारशील ती कशी आहे. मला माहीत नाही. मी फक्त नजर तपासतो.

चष्मेवाला

१८ एप्रिल

ती. मामांना आणि मामींना सा. न. वि. वि.

२० मार्चचे आणि त्यानंतरची दोन, तुमची तिन्ही पत्रे मिळाली. उत्तर दिले नाही कारण जे सुचत होते ते तुम्हाला लिहिण्यासारखे नव्हते. आता लिहिता येते.

काम चालू आहे. नगावर असल्यामुळे कधी खूप असते, कधी नसते. बाई नीट वागतात. नव्या मुलीला मेण कसे धरायचे ते मीच दाखवले. ती हुशार आहे. परवा ती परगावी गेली. तिची बॅग मी बसपर्यंत उचलली. परत येताना फार वाईट वाटले. हे तुम्हाला कळावे म्हणून लिहिते, टोचावे म्हणून नाही. थोडे टोचावे म्हणूनही.

डावा हात आता हलत नाही. बसवाल्या काकूंनी तळव्याखाली नाणे ठेवून सराव करून घेतला. त्या अजून हरवतात, पण वेळ लागतो. मध्येच थांबून त्या टेबलाला फेरी मारतात. पूर्वी मारत नसत.

काल चष्मेवाल्या काकांशी डाव झाला. मी जिंकले. शेवटचा काळा गोळा लांबून, कडेकडेने जाऊन खिशात पडला. काकांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, हे खरे होते. मी मान हलवली. त्यांनी दुकानाची शपथ घेतली, आपल्या वारलेल्या बायकोची घेतली. भाडे दिले, चहा मागवला. ते खोटे बोलत नव्हते, मामा, त्यांचे डोळे भरले होते. मी गोड बोलले, चहा प्यायले आणि जिन्यात उभी राहून एकेक फटका आठवून पाहिला. त्यांचा कुठला चुकला, तो आपोआप चुकला की कसा. मला कळेना. फेब्रुवारीत हाच डाव जिंकले असते तर मी धावत जिना उतरले असते. तुम्ही मला बरेच काही जिंकू दिलेत, पण हे एक घेतलेत.

उद्या निवड आहे. बाहेरून माणसे येणार आहेत. मी त्यांना ओळखत नाही, त्यांना माझे नाव माहीत नाही. मी जेवते का, झोपते का, आतल्या आत कुढते का, याच्याशी त्यांना काही देणे-घेणे नाही. ती मला हरवायला येणार आहेत. मला खूप भीती वाटते आहे. आणि कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा बरे वाटते आहे.

निकाल काय तो परवा लिहीन. हरले तरी लिहीन, आणि तुम्ही ते पत्र शेवटपर्यंत वाचायचे. मामींनी समोर बसून तुमच्याकडून वाचून घ्यावे.

तुमचा लोभ आहे, तो कमी होऊ नये. फक्त तो टेबलापर्यंत येऊ देऊ नका.

तुमची
भिंगरी