वेनराइटांचं देवक

लीड्स, ३ फेब्रुवारी २०२४

तीर्थस्वरूप आबाजींच्या चरणी सपनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि आजी मधेच फोन ओढून घेते, म्हणून हे पत्र. एडविन वेनराइट माझ्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. स्वभावानं गरीब आहे, वरणभात आवडीनं खातो. बाबा म्हणतात, आबाजी हो म्हणाले तरच लग्न. आणि तुमचा निरोप आला की आधी त्याचं कूळ कळू दे.

ते शोधलं. इंग्रजांत बरीच आडनावं धंद्यावरून पडली. त्यांच्या जुन्या भाषेत वेन म्हणजे मोठी गाडी आणि राइट म्हणजे घडवणारा. सहा-सातशे वर्षांपूर्वी गावात जो गाड्या करी, त्याच्या पोरानातवंडांना तेच नाव चिकटलं, मग ती पुढे शिंपी होवोत की पाद्री. म्हणजे आबाजी, हे तुमच्यासारखेच बैलांची बंडी घडवणारे. आता तरी हो म्हणा.

तुमच्या होकाराकडे डोळे लावून बसलेली,
सपना

पवनार, १९ फेब्रुवारी

चि. सपनास आबाजीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. आजीचा गुडघा दुखतो, तोंड ठीक चालते.

पत्र वाचून आनंद झाला आणि पंचाईतही. मुलगा गोरा आहे, ख्रिस्ती आहे, यावर मी चकार शब्द काढणार नव्हतो. पण आपले देवक चाक. लग्नाच्या आदल्या दिवशी आपण मांडवात चाकच पुजतो. पिढ्यानपिढ्या गाड्या घडवणाऱ्या घराचे देवक दुसरे काय असणार? एका देवकाची घरे म्हणजे भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. एडविन तुझा भाऊ लागतो. शिंपी निघाला असता तर आजच होकार दिला असता. इतकी खोल चौकशी तुला कोणी करायला सांगितली?

तुझे भले चिंतणारा,
मधुकर

लीड्स, ४ मार्च

तीर्थस्वरूप आबाजींना कृतानेक नमस्कार.

तू माझा भाऊ लागतोस असं एडविनला सांगितलं. त्यानं घाबरून आईला फोन केला आणि त्याचे वडील लग्नाआधी कधी हिंदुस्थानात गेले होते का, ते विचारलं. घरात मोठा गोंधळ झाला.

मग आम्ही त्याच्या मूळ गावी गेलो. तिथल्या चर्चच्या जुन्या वहीत वेनराइटांशेजारी दुसरं एक घर आहे, व्हीलराइट. म्हणजे चाकं करणारे. लहान गावात एकच सुतार दोन्ही करी, पण इथे कामं वाटलेली होती. वेनराइट नुसता साटा, म्हणजे गाडीचा वरचा सांगाडा करायचे, चाकं शेजारून यायची. आबाजी, आता तुम्हीच निकाल द्या. तुम्ही नाही म्हणालात तर मी लग्न करणार नाही, पण फार रडेन.

लोभ आहेच, तो आटू देऊ नका.
तुमची सपना

पवनार, २४ मार्च

चि. सपनास अनेक आशीर्वाद.

हे तू आधीच लिहायला हवे होतेस. चाकाशिवाय साटा जमिनीवर पडून राहतो आणि साट्याशिवाय चाक भिंतीला टेकून. साटा त्यांचा, चाक आपले. हे भाऊबंद नव्हेत, हे तर सोयरे. माझा होकार आहे. मात्र देवक म्हणून साटा आणण्याचा हट्ट त्यांनी धरू नये, विमानात मावणार नाही.

तुम्हा दोघांना आशीर्वाद देणारा,
मधुकर

ता. क. सपना, मी आजी लिहून राह्यली. तुयं पयलं पत्र आलं त्याच दिवशी यायनं लाकूड तासाले वाकस काढला अन् मांडवासाठी नवं चाक घडवाले घेतलं. मी म्हटलं, मंग पोरीले नाई काऊन लिवता? तं म्हणते, लगेच हो म्हटलं तं पोरगी दुसरं पत्र कायले लिहीन? लग्न झाल्यावर दर महिन्याले लिहत जाजो.