चोर गेला, दादा आला

मंगळवार, ४ मार्च

घर फोडलं. माझं. भर दुपारी!

कामावरून आले तर दाराला कुलूप जसंच्या तसं, आणि आत सगळं उलथंपालथं. न्हाणीघराच्या खिडकीच्या काचेच्या चार पट्ट्या काढून भिंतीला टेकवून ठेवलेल्या. एकही फुटलेली नाही. टापटिपीचा माणूस दिसतो. आईच्या दोन बांगड्या नेल्या, रेडिओ नेला, गजराचं घड्याळ नेलं, आणि हे सगळं भरायला माझीच चांगली प्रवासाची बॅग. चादरीवर बुटाचा ठसा. ओट्यावर सफरचंद – एकच घास खाऊन टाकून दिलेलं. आवडलं नसावं.

पोलीस आले. टेबलावरच्या वाटीत दात बघून त्यांचं पेन थबकलं. म्हटलं, माझेच आहेत – म्हणजे मी केलेले. मी कवळ्या बनवते, ही घासायला घरी आणली होती. चोराने तिला हातही लावला नाही. माझ्या तेवीस वर्षांच्या कामाची ही पारख!

मग त्यांना सफरचंद दाखवलं. वरच्या दातांत डावीकडे, सुळ्याच्या अलीकडचा एक दात नाही, तेवढी उभी पट्टी तशीच राहिली आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं, ‘फळ एक, उष्टं.’

बुधवार, ५ मार्च

सगळे कपडे धुतले. धुतलेले पुन्हा धुतले. दोरी पुरेना. शेजारच्या बाईंनी विचारलं, पाहुणे येणार आहेत का. म्हटलं, येऊन गेले.

गुरुवार, ६ मार्च

सफरचंद डब्यात घालून कामावर नेलं. त्या घासाचा प्लॅस्टरचा साचा काढला. सुरेख निघाला. मालकांनी विचारलं, पेशंटचं नाव काय लिहू?

येताना बसमध्ये सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. कंडक्टर हसला तेव्हा आधी दात मोजले. पूर्ण आहेत. सुटला.

हे सगळं ठीक. पण घरी आले आणि कुलपात किल्ली घातली, ती फिरवता येईना. कुलूप बरं होतं. हातच ऐकेना. पायरीवर बसून राहिले. किती वेळ, ते लिहायला लाज वाटते. शेवटी दादाला फोन केला आणि त्याच्या गुडघ्याची चौकशी केली. दुसरं काही बोललेच नाही. चोरीचं त्याला मंगळवारीच कळवलं होतं. म्हणाला, “उद्या येतो.”

शुक्रवार, ७ मार्च

दादा आला. एका पिशवीत कपडे, दोन पिशव्यांत हत्यारं. अडतीस वर्षं कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासली त्याने. चहाच्या आधी टेप काढून दार आणि चौकट यांच्यातली फट मोजली.

“बारके, हे दार नाही. पडदा आहे.”

चोपन्न वर्षांची बारकी! पण बरं वाटलं.

मग म्हणाला, जादा किल्ली कुठे ठेवतेस ते सांगू नकोस, मी शोधतो. सरळ गेला आणि तिसरी कुंडी उचलली. मी म्हटलं, पहिलीखाली तर नव्हती ना ठेवली. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच किल्ली उचलून शेजारच्या बाईंकडे देऊन आले. कामांची यादी केली, एकोणीस कलमं. चार दिवसांत उरकतो म्हणाला.

रविवार, ९ मार्च

न्हाणीघराच्या खिडकीला जाळी बसली. ती हलवून बघायला दादा स्वतः लोंबकळला. जाळी टिकली, बनियन फाटला.

दुपारी कुलूपवाला आला. कामाचा माणूस, हसरा. हसला आणि मला दिसलं – वर एक दात नाही! दादाला स्वयंपाकघरात ओढलं. त्याने साचा खिशात घातला, बाहेर गेला आणि गंभीरपणे कुलूपवाल्याला पुन्हा हसायला सांगितलं. बिचारा हसला. फट उजवीकडे होती. लहानपणी झोपाळ्यावरून पडला होता. मी त्याला दोनदा चहा दिला. दुसऱ्यांदा का, ते त्याला कळलं नसेल.

मंगळवार, ११ मार्च

सध्याची परिस्थिती: पुढच्या दाराला दोन कुलुपं, एक साखळी, एक आडवा अडसर. एवढं सगळं काढेपर्यंत कुरिअरवाला चिठ्ठी टाकून गेला. दारात भिंग बसवलंय, बाहेरचा माणूस आतून दिसावा म्हणून. दादाने ते स्वतःच्या उंचीवर बसवलं. मी स्टुलावर चढते.

अंगणात आपोआप पेटणारा दिवा. मांजर गेलं की पेटतो. दादा वहीत नोंद करतो. आजचे संशयित: मांजर सहा वेळा, मी दोनदा.

गुरुवार, १३ मार्च

दादाने परीक्षा घेतली. बाहेर जाऊन, आवाज बदलून: “ताई, मीटर बघायचाय, दार उघडा.” मी स्टुलावरून पाहिलं. डोक्यावर माझा टॉवेल गुंडाळून उभा होता. म्हटलं, ओळखपत्र दाखवा. ते त्याने केलंच नव्हतं. मग उघडलंच नाही. पाच मिनिटांनी खऱ्या आवाजात म्हणाला, “पास झालीस. भूक लागली आहे.”

एक राहिलं. आज कामावरून आले, किल्ली घातली, फिरवली, आत आले. चहा उकळायला लागला तेव्हा लक्षात आलं की किल्ली फिरली!

सोमवार, १७ मार्च

चार दिवसांचे दहा झाले. माझे डबे उंचीप्रमाणे लावलेत. साखर सापडत नाही. सकाळी हसत हसतच म्हटलं, यादी संपतच आली ना, आता घरी जा, तुझी झाडं वाळली असतील. तो उठून बिजागऱ्यांना तेल घालत बसला. शनिवारीच घातलं होतं.

बुधवार, १९ मार्च

भाचीचा फोन आला. कामावर, म्हणजे दादाला कळू नये म्हणून. म्हणाली, “आत्या, बाबांना इतक्यात पाठवू नकोस.”

वहिनीला जाऊन चौदा महिने झाले. दादा फोनवर म्हणायचा, मजेत आहे, आज भाजी केली, आज पडदे धुतले. मीही खरं मानायचे. मानायला सोपं होतं. भाचीला तिथल्या शेजाऱ्यांनी सांगितलं – तो सकाळी कुलूप लावून निघतो, दिवसभर कारखान्याच्या फाटकासमोरच्या बाकावर बसतो, खाणावळीत जेवतो, झोपायला तेवढा घरी येतो. स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. पडदे वहिनीने लावले तसेच आहेत.

आणि मी समजत होते, तो माझ्यासाठी आलाय! माझ्यासाठीही आला होताच. पण इतक्या दिवसांत मी त्याला एकदाही विचारलं नाही, तू कसा आहेस. गुडघा सोडून.

शनिवार, २२ मार्च

यादीतल्या एकोणिसाव्या कलमावर खूण केली दादाने. पिशव्या भरल्या. उद्या दहाची बस. म्हटलं, राहा अजून. म्हणाला, बहिणीकडे किती दिवस राहायचं, लोक काय म्हणतील. कोण लोक? शेजारच्या बाई तर त्याच्याकडून स्वतःचं दार मोजून घेणार आहेत.

चहा घेताना त्याला पायरीवरचं सांगितलं. किल्ली हातात धरून बसले होते ते. अजून कुणाला सांगितलं नव्हतं. त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, “माझ्याकडे चोरी झाली नाही, बारके. तरी माझीही किल्ली फिरत नाही.”

मी त्याच्या कपात आणखी थोडा चहा ओतला. त्याने साखर आणून दिली. कुठे असते ते त्यालाच माहीत.

रविवार, २३ मार्च

दादा आंघोळीला गेला तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कडीचे दोन्ही स्क्रू काढून पदराला बांधले. तो पिशव्या घेऊन निघाला तेव्हा म्हटलं, दादा, जाता जाता ही कडी बघ ना, सैल वाटते. तो वाकला. रिकामी भोकं बघितली, लाकडावरचे माझ्या स्क्रू-ड्रायव्हरचे ताजे ओरखडे बघितले, मग माझ्या पदराची गाठ बघितली. चष्मा काढून पुसला.

“हे काम मोठं आहे,” म्हणाला. “महिना तरी जाईल.” आणि पिशवीतून टेप काढला.