दोन रिंग आणि कट

हैदराबाद, २ जून
नवं प्रोजेक्ट. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी हेल्पलाइन. माझ्याकडे फक्त हँगअप: समोरच्याने फोन ठेवला की केस बंद करायची आणि 'काम झाले' असा शेरा मारायचा. दोन ओळींचं काम. उरलेल्या वेळात रोज चालायला जाणार.

४ जून
चाललो नाही. गुडघा. टेस्टिंगवाल्या भार्गवीने खुसपट काढलं. मशीन तिसऱ्या रिंगला फोन उचलतं, त्याआधीच कुणी कट केला तर? तिचं म्हणणं, अशांची यादी वेगळी ठेवून त्यांना उलट फोन करावा. मी म्हणालो, गरजू माणूस फोन धरून बसतो. तिने वही मिटली. पटलं असणार.

८ जून, रविवार
सूर्यापेटला वडिलांकडे. नान्नांची जुनी खोड: दोन रिंग द्यायच्या, कट करायचा आणि मी उलट फोन करायची वाट बघायची. माझ्या मीटिंगचा विचका होतो. आज खडसावलं, यापुढे मला मिस्ड कॉल नाही, काही लागलं तर हेल्पलाइन. नंबर फोनमध्ये घालून दिला.
"मग ते करतील ना उलट फोन?"
हो म्हणालो. वाद कोण वाढवणार? त्यांनी केलेला मुगाचा पेसरट्टू मात्र फर्मास.

१६ जून
हेल्पलाइनचा पहिला आठवडा. शंभरातल्या शहाण्णव केसेस 'काम झाले'. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. नान्नांचाही एकही मिस्ड कॉल नाही. शिस्त लागली एकदाची.

१९ जून, दुपार
नान्नांना फोन करायचा होता. राहिला. रविवारी नक्की.

२१ जून
शेजारच्या यादगिरींचा फोन. दोन दिवस दार उघडलं नाही म्हणून फोडलं. नान्ना न्हाणीघरात पडलेले, फोन हाताशी. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच दिवशी कळलं असतं तर वाचले असते.

४ जुलै
ऑफिस. नान्नांचा नंबर शोधला. १९ तारखेला सकाळी सव्वासातपासून दुपारी एकपर्यंत हेल्पलाइनला अकरा कॉल. प्रत्येक दोन रिंगचा. अकराही कॉलपुढे माझाच शेरा: 'काम झाले'.
प्रोग्रॅममध्ये चूक नाही. दोनदा तपासला. साहेबांनाही तेच सांगितलं.
भार्गवीने सांगितलेला बदल मीच करायला बसलो. सारखी चुकीची बटणं दाबली जात होती. एसी फार वाढवलाय.
दोनच ओळी लागल्या.