डमीच्या जागी

६ जानेवारी, सोमवार

आज तिने विचारलं, "तुम्हीच ना ते मधुमेहाचे आजोबा?" आणि मी "हो" म्हणालो. त्या क्षणी माझ्या आयुष्याचे सरळ दोन तुकडे झाले. त्या 'हो'च्या आधीचा आणि नंतरचा. आधीचा कुणाला हवा असेल तर खुशाल घेऊन जा.

मुळात मी मधुमेहाचा आजोबा नव्हतोच. आज मी तापाचा कारकून होतो. मनगटावरच्या पट्टीवर तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. आजोबा शेजारच्या खाटेवर — म्हणजे तिथे नुसता लोड ठेवलेला. पण अशा डोळ्यांनी कुणी विचारलं तर माणूस काय म्हणणार? तिने विचारलं असतं, तुम्हीच ना तो रस्त्यावरचा रोलर, तरी मी हो म्हणालो असतो.

मग तिने माझ्या दंडावर बांधलेल्या स्पंजात आजोबांचं इन्सुलिन टोचलं. पाणीच होतं. ट्यूटरबाई भिंतीला टेकून बघत होत्या. अगदी शांतपणे म्हणाल्या, "कारकून गेला."

ती रडवेली. मी मेलेला. याहून बरी सुरुवात होऊ शकली असती.

७ जानेवारी

हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतो, नाहीतर पुढे माझाच विश्वास बसायचा नाही.

दुसऱ्या वर्षाला विभागप्रमुखांशी वाजलं आणि मी कॉलेज सोडलं. ते म्हणाले, "दार तिकडे आहे." मी म्हटलं, "दिसतंय मला." तेव्हापासून घरी. बाबा माझ्याशी आईमार्फत बोलतात. मी समोर बसलेला असलो तरी.

मावशी नर्सिंगच्या शाळेत भांडारपाल आहे. मुली ज्याच्यावर हात बसवतात तो प्लास्टिकचा माणूस — सगळे त्याला डमी म्हणतात — त्याची मान गळ्यापासून निखळली आणि तो दुरुस्तीला गेला. परीक्षा तोंडावर. ट्यूटरबाई हवालदिल. मावशी म्हणाली, "माझा भाचा देते. तोही दिवसभर पडूनच असतो."

झालं. आता मी खाट क्रमांक चार. रोज नवी पट्टी, नवा आजार. कार्डावर लिहिलंय तेवढंच बोलायचं. गोळी म्हणून साखरेची गोळी गिळायची. तास संपला की शिपाईकाका माझ्या अंगावर डोक्यापर्यंत प्लास्टिकची चादर ओढतात आणि दिवा घालवतात.

"काका, मी जिवंत आहे."

"सवय रे बाबा. धूळ बसते."

८ जानेवारी

प्रत्येक औषधाला तीन नावं असतात म्हणे. एक रासायनिक — हातभर लांब, ते फक्त ज्यांनी बनवलं त्यांच्या कामाचं. एक जेनेरिक — म्हणजे औषधाचं खरं नाव, कुठल्याही दवाखान्यात गेलं तरी तेच. आणि तिसरं कंपनीने ठेवलेलं, ब्रँडचं. एकाच पॅरासिटामोलला डझनावारी ब्रँड. बाई म्हणाल्या, "ब्रँड पाठ कराल तर एकाच पेशंटला एकच औषध दोन नावांनी द्याल. त्याचं यकृत तुम्हाला विचारायला येईल."

ती पुढच्या बाकावर लिहून घेत होती. पेन्सिल दातात धरते. मी चादरीतून एका डोळ्याने बघत होतो.

बाई: "डमी, डोळे मिट. तू बेशुद्ध आहेस."

१० जानेवारी

दहा गोळ्या खाल्ल्या.

कागदावर कुणीतरी मुद्दाम '1.0' असं लिहिलं होतं. तो ठिपका फिकट. तिने वाचलं दहा. एकेक करून माझ्या तळहातावर ठेवत गेली आणि पाण्याचा पेला धरून उभी राहिली. सातव्या गोळीला मला शंका आली. पण दर गोळीला तिची बोटं तळहाताला लागत होती. अकरावी असती तरी घेतली असती.

बाई म्हणाल्या, "पूर्ण आकड्यापुढे ठिपका आणि शून्य कधीही लिहायचं नाही. आणि कुणी लिहिलंच, तर विचारल्याशिवाय द्यायचं नाही. का ते खाटेवर बघा." सगळ्या मुलींनी मला बघितलं. माझ्या तोंडावर चादर.

मी उठून बसलो. म्हटलं, "चूक लिहिणाऱ्याची आहे! वाचणारीला कशाला बोलता?"

बाई म्हणाल्या, "मेलेल्याने मध्ये बोलायचं नाही."

"मग मेलेल्याला विचारता कशाला?"

"तुला कुणी विचारलं?"

हे मात्र खरं. मी परत आडवा झालो. कान तापले होते. साखरेने तोंड गोड, बाकी सगळं कडू.

१३ जानेवारी, सोमवार

आज ती मधल्या सुट्टीत एकटी आली. मी पट्टी सोडून डबा उघडला होता. म्हणाली, "पेशंट, थोडा वेळ आहे?"

पेशंट! तरी मी डबा बाजूला सारला.

स्टुलावर बसून तिने सगळं सांगितलं. गेल्या प्रॅक्टिकलला ती नापास झाली, ती याच एका गोष्टीवर. घाबरली की ती "तुमचं नाव काय" असं विचारतच नाही, "तुम्हीच ना ते अमुक" असं विचारते. आणि पेशंट हो म्हणतो. तापातला म्हणतो, बहिरा म्हणतो, झोपेतला म्हणतो. मग सगळं योग्य असलं, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ, तरी माणूस भलताच. शुक्रवारी बाहेरचे परीक्षक येणार. ही शेवटची संधी. या वेळी राहिली तर जागा जाईल आणि तिचा दादा दुसऱ्या दिवशी ट्रंक न्यायला येईल. दुकानात बसवणार आहे तिला. "तुझ्याच्याने जमायचं नाही, असं तो पहिल्या दिवसापासून म्हणतोय. त्याला बरोबर ठरवायचं नाहीये मला."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही सगळ्याला हो म्हणता. तेवढं नका म्हणू."

"हो," मी म्हटलं.

तिने कपाळाला हात लावला.

मग तिने मला निरनिराळ्या आवाजात नाव विचारलं आणि मी दर वेळी कार्डावरचं सांगितलं. नंतर नंतर तिचा आवाज थरथरायचा थांबला. माझा डबा गार. काय भाजी होती आठवत नाही.

१४ जानेवारी

आज मला कुणी मारलं नाही. करमलं नाही.

१५ जानेवारी

बढती मिळाली. शुक्रवारी मी सात महिन्यांची गरोदर बाई आहे. सांधेदुखी आहे. मावशीने भांडारातून उशी दिली आणि सदऱ्याखाली बांधूनही दिली. एक पाऊल मागे जाऊन बघितलं. म्हणाली, "तुझ्या आईला कळलं तर खुदकन हसेल तरी. वर्षभरात हसलेली नाही."

मी म्हटलं, "मावशी, चेष्टा नको."

"वाकून चालू नकोस, पाठ मोडेल. कमरेवर हात ठेव."

गरोदरपणात कुठलं औषध किती सुरक्षित याचे वर्ग असतात. ए म्हणजे अभ्यास झालाय, धोका दिसला नाही. मग बी, सी, डी असं करत भीती वाढत जाते. शेवटी एक्स — फायद्यापेक्षा धोका इतका मोठा की गरोदर बाईला नाहीच द्यायचं. बाई म्हणाल्या, आता पुष्कळ ठिकाणी ही अक्षरं जाऊन सविस्तर मजकूर आलाय, पण परीक्षक जुने आहेत, अक्षरं पाठ करा.

संध्याकाळी घरी आपल्या माणसांचे वर्ग पाडले. मावशी ए. आई बी. शिपाईकाका सी, परिणाम नीट माहीत नाहीत. बाबा डी — नाइलाज असेल तरच. एक्समध्ये विभागप्रमुखांना टाकलं आणि बरं वाटलं. तिचा वर्ग काही केल्या ठरेना.

१६ जानेवारी

डोकं फिरलंय.

आतापर्यंत तापाचा कारकून झालो. दम्याचा शिक्षक झालो. पित्ताची आजी झालो. उद्या गरोदर होईन. तिने माझी नाडी मोजली, जीभ बघितली, दहा गोळ्यांनी माझा खून करून पचवला. आणि इतक्या दिवसांत एकदाही, एकदाही विचारलं नाही की बाबा रे, तू कोण? माझं रासायनिक नकोय, ब्रँड नकोय, साधं खरं नाव. आईबापांनी ठेवलेलं. ते काय वाईट आहे?

नाही विचारलं तर नाही. उद्या कार्डावरचं बोलायचं, तिला पास करायचं आणि घरी यायचं. एवढंच काम. जमेल.

१७ जानेवारी, शुक्रवार

जमलं नाही.

परीक्षक उंच, पांढऱ्या मिशांचे, हातात कागद लावलेली फळी. मी पोट घेऊन पडलेला. उशीची गाठ बरगडीत रुतत होती. तिच्या आधीच्या दोघींना मी कार्डावरचं नाव नीट सांगितलं. दोघी पास. मग ती आली. हात धुतले, कागद वाचला. दोन गोळ्या लिहिलेल्या होत्या — फॉलिक अ‍ॅसिड आणि सांधेदुखीवरचं मेथोट्रेक्सेट. सापळा दुसऱ्या गोळीत होता, हे मलासुद्धा कळत होतं.

ती खाटेजवळ आली. वाकली. थेट माझ्याकडे बघितलं आणि सावकाश म्हणाली, "तुमचं पूर्ण नाव सांगा."

इतकं मनापासून मला कुणी कधी काही विचारलेलं नाही. आणि माझ्या तोंडून माझं नाव बाहेर पडलं. माझं!

बाईंचा चेहरा चुन्यासारखा. मला कळलं काय केलं ते. तिचा दादा ट्रंक उचलताना दिसला.

"पुन्हा एकदा सांगता?" ती म्हणाली.

सावरायची संधी होती. कार्डावरचं नाव जिभेवर होतं, देवाशप्पथ होतं. पण डोकं कालपासून भडकलेलं. मी पुन्हा माझंच सांगितलं. या वेळी वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं.

तिने माझं मनगट धरलं. पट्टीवरून बोट फिरवत अक्षर न् अक्षर वाचलं. मग सरळ उभी राहिली.

"सर, सांगितलेलं नाव आणि पट्टीवरचं नाव जुळत नाही. मी औषध देणार नाही. आधी इन्चार्जना कळवते."

परीक्षक म्हणाले, "अहो, खाट तीच, कागद तोच. बाई गरोदर दिसतेय की."

"सर, पोट कुणाचंही असू शकतं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. ती हसली नाही. "आणि नाव जुळलं असतं तरी दुसरी गोळी दिली नसती. ती एक्समधली आहे. लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन केला असता."

परीक्षकांनी फळीवर काहीतरी लिहिलं, मिशी चोळली आणि बाईंकडे वळले. "नावाचा सापळा छान लावलात. हा मी कुठे बघितला नव्हता."

बाईंनी पदर सारखा केला. "दर वर्षी लावते, सर."

ती पास झाली. वर्गात पहिली आली. मुलींनी तिला उचललं.

मी उशी सोडत एकटा बसलो होतो. आनंद झालाय, खोटं कशाला बोलू. पण माझं नाव ऐकून तिच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. पत्त्यावरचा पिनकोड ऐकावा तसं ऐकलं. आणि भरल्या खोलीत जाहीर केलं — जुळत नाही.

१८ जानेवारी, शनिवार

डमी आला. नवी मान, नवा पट्टा. माझ्या खाटेवर पाय पसरून पडलाय. मी स्वेटर विसरलो होतो म्हणून गेलो, तर खोलीत ती एकटी, त्याच्या मनगटावर पट्टी बांधत होती.

मी म्हटलं, "काल सांगितलेलं नाव बनवलेलं नव्हतं. माझं होतं. तुम्हाला माहीत नसेल."

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे," ती म्हणाली. मान वर केली नाही. "तुमच्या मावशी भिंतीपलीकडून हाका मारतात. चिडल्या की वडिलांच्या नावासकट."

"मग काल ओळखलं नाहीत?"

"ओळखलं ना. म्हणून तर गोळी दिली नाही."

स्वेटर उलटा चढवला, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.