बूट हातात घेऊन येणारा

सौ. राणीसरकार,

शुद्धीतल्या नवऱ्याचा मनापासून नमस्कार. उन्हाळ्यात दारू सोडली ती सोडलीच. हात आता थरथरत नाहीत. कॉलरला सरळ इस्त्री बसते, त्यामुळे आमच्या लॉन्ड्रीचा मालकही माझ्या कामावर खूश आहे. भूक सडकून लागते. आईचे गुडघे कसे आहेत? धाकटी अजून अंगठा चोखते का?

एक गंमत सांगतो, घाबरू नकोस. पिऊन आलो की तुला कळू नये म्हणून मी बूट हातात घेऊन जिना चढायचो, आणि गाणं मात्र मोठ्यानं म्हणायचो! इथे नोकरीच्या गावी, खोलीवर येतानाही तेच करायचो. दारू सोडल्यावर रोज संध्याकाळी मी खोलीत चहा घेत बसलेला असतो, बूट खाटेखाली असतात, आणि जिन्यावर अनवाणी पावलं वाजतात. गाणं माझंच, आवाजही माझाच. दाराशी येऊन तो थांबतो. मी कडी काढत नाही.

शेजारचा शिंपी म्हणायचा, "काय राव, सोडली म्हणता आणि रोज झुलत येता!"

परवापासून जिना शांत आहे. मला हायसं वाटलं होतं. पण आज शिंपी मला बघून दचकलाच. "अहो, तुम्ही इथे कसे? परवा तर बॅग घेऊन निघालात. घरी चाललो, बायको वाट बघतेय म्हणालात."

मी सुट्टी मिळाली की येईन, पायात बूट घालून, बेल वाजवून. त्याआधी कुणी बूट हातात घेऊन आलं, तर आवाज माझा असला तरी दार उघडू नकोस. आईलाही नीट बजावून ठेव. तिला तोही आपला पोरगाच वाटेल.

तुझाच,
कडीच्या आतला