निरंक करणारे लोक

३ जून
गेली आमची शाखा! घरोघरची मोजणी आता कंत्राटदार करणार. साहेबांनी स्वतःहून चहा मागवला तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. दोन महिने चाचणी. त्यांना जमलं, तर आम्ही हंगामी लोक घरी. एकोणीस वर्षं हंगामी आहे मी — कसला हंगाम, देव जाणे.

५ जून
कंत्राटदाराचा माणूस आला. टाय पार पट्ट्याच्या खाली लोंबत होता. त्याला नमुन्याला एक भरलेला फॉर्म हवा होता. परक्याचा कसा देणार? सासूबाईंचा दिला. व्यवसाय — निरंक. रकाना कोरा सोडायचा नाही, काही नसेल तर निरंक लिहायचं, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. त्याला समजावलं नाही. एवढं काय सांगायचं!

१२ ऑगस्ट
त्यांचा अहवाल आला. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. पान चौदा : ‘निरंक या व्यवसायात सहा हजार लोक. बहुतांश महिला. काम घरूनच चालते. वाढीस मोठा वाव.’
दोनदा वाचलं. मग चप्पल शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकून पोटभर हसले.

१३ ऑगस्ट
साहेबांना पान चौदा दाखवलं. निरंक म्हणजे काय ते त्यांना काय सांगायचं — जन्म गेला त्यांचा ते लिहिण्यात. पान मिटून त्यांनी अहवाल माझ्याकडे सरकवला.
“बाई, अहवाल वर गेलाय. आणि वर आवडलाय.”
निरंक करणाऱ्यांना प्रशिक्षणसुद्धा देणार आहेत म्हणे. मी चूक लेखी कळवली. घरी हे म्हणाले, नसती उठाठेव कशाला? पण नमुना माझाच ना! गप्प कशी बसू?

२ सप्टेंबर
माझ्या टिपणावर शेरा आला : ‘कार्यवाही — निरंक.’ सोबत दुसरा कागद. चाचणी यशस्वी, हंगामी सेवा समाप्त.
खुर्चीवरची उशी माझी होती, ती घेऊन आले. बसमध्ये धीर धरला. घरी आल्यावर मात्र रडू आवरेना. फार वाईट वाटतंय.

९ सप्टेंबर
दुसऱ्या फेरीची मोजणीवाली दारात. सासूबाईंचं लिहून झालं, मग माझी पाळी. व्यवसाय?
सवयीनेच बोलून गेले — निरंक.
तिचा चेहरा खुलला. “अय्या, तुम्हीपण? सासूबाईंकडूनच शिकलात वाटतं!”